वहिनीने वास घेतलाय

आमच्या घरात सगळे तिला वहिनी म्हणतात. मी तिची धाकटी जाऊ, मी म्हणते ते ठीक. माझा नवरा तिचा दीर, त्यानेही म्हणावं. पण सासरे तिला वहिनी म्हणतात, शेजारीपाजारी म्हणतात, आणि खुद्द तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावोजींच्या तोंडूनही कधीमधी "वहिनी, पाणी आण गं" असं निघून जातं. मग मी फिस्सकन हसते आणि ते कान लाल करून पेपर वाचायला लागतात. एकदा गॅसवाल्याने तिला खऱ्या नावाने हाक मारली, तर तिने मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून ठेवते. ही हकीकत सांगताना मला अजून राग येतो. मधेच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आम्ही माणसं सहा. सासरे, मोठे भावोजी, वहिनी, त्यांची शाळेत जाणारी मुलगी, माझा नवरा आणि मी. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. स्वयंपाकघर इतकं अरुंद की दोघींनी ओट्यापाशी उभं राहायचं तर एकीने पोट आत ओढायचं, आणि पोट माझंच जास्त असल्याने ते काम माझ्याकडे. तसंही मी स्वयंपाकघरात कमीच. सकाळी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर उभी राहते ती संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्या कोटांच्या खिशांतले रुमाल काढत असते. भावोजी कारखान्यात लेथवर, माझा नवरा मालाची व्हॅन चालवतो, आणि सासऱ्यांनी जन्म छापखान्यात काढून आता खिडकीतली खुर्ची धरलेली. घर चालवायची ती एकटी वहिनी.

आणि कसं चालवायची! विकतचं तयार काही आणलेलं तिला खपायचं नाही. पीठ स्वतः मळायचं, पाव घरी भाजायचा, टोमॅटो स्वस्त झाले की त्यांचा रस आटवून बाटल्या भरायच्या. रविवारची कोंबडी आमच्याकडे बुधवारपर्यंत जिवंत असायची. रविवारी ती कोंबडी म्हणून यायची, सोमवारी उरलेले तुकडे बटाट्यात मिसळून कटलेट व्हायचे, मंगळवारी हाडांचं पाणी उकळून सूप, आणि त्यातलं वाटीभर उरलं तर बुधवारच्या भातात ते जायचंच. वाटाण्याच्या शेंगांची सालं, कोबीचा दांडा, कडक झालेला पाव, भाताची खरवड, यातलं काही कचऱ्याच्या डब्यात पडलेलं मी पाहिलं नाही. माझा नवरा म्हणायचा, "वहिनी, मी मेलो तर मलाही दुसऱ्या दिवशी काहीतरी करशील." ती म्हणायची, "तुझ्यात काय आहे? नुसती हाडं. सूप होईल फार तर."

हे सगळं ज्यावर चालायचं ते तिचं नाक. संध्याकाळची जेवणं झाली, ताटं उचलली, की ती ओट्यावर सगळी पातेली ओळीने मांडायची. एकेकाचं झाकण काढायची, वाकायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि निकाल द्यायची. "राहील." "उद्या सकाळीच संपवा." किंवा नुसतंच, "गेलं." तिने "गेलं" म्हटलेलं पातेलं आम्हाला अगदी ताजं वाटायचं, पण कोणी वाद घालायला जायचं नाही. एकदा भावोजींनी हट्टाने तसली मासळी खाल्ली आणि दोन दिवस घरातली एक जागा अडवून बसले. तेव्हापासून आमच्याकडे एकच प्रश्न उरला. फ्रिज उघडायचा, वाटी काढायची आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडायचं, "वहिनीने वास घेतलाय का?" हो म्हणून उत्तर आलं की डोळे झाकून खायचं. खरंच डोळे झाकून. आणि नाकही.

सासूबाई असताना ही सून त्यांना पसंत नव्हती. माहेर गरीब, शिक्षण बेताचं, रंगरूपात सांगण्यासारखं काही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा घरात मोठी पंगत होती तेव्हा ही नवी नवरी दारातूनच म्हणाली, "मोठ्या पातेल्यातलं वाढू नका, ते फिरलंय." सासूबाईंना नाकाला मिरच्या झोंबल्या. स्वयंपाक्याने चमचाभर चाखून सगळ्यांसमोर सांगितलं की उत्तम आहे, आणि थोड्या वेळाने तोच मोरीत वाकलेला दिसला. पाहुण्यांसमोर घराची लाज राहिली. सासूबाईंनी तिचं कौतुक केलं नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. पण त्या दिवसापासून स्वयंपाकघर तिच्या हातात दिलं. वहिनीने मला हे अनेकदा सांगितलंय. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, "तेव्हा मला वाटलं, चला, या घरात आपलं काहीतरी काम आहे."

मग मागच्या हिवाळ्यात घरात ताप शिरला. आधी मुलगी पडली, मग माझा नवरा, मग मी, भावोजी, सासरे. वहिनी सगळ्यांना पेज पाजून सर्वांत शेवटी पडली. आम्ही एकेक करून बरे झालो. ती उठून ओट्यापाशी उभी राहिली म्हणजे तीही बरी झाली, असं आम्ही धरून चाललो.

तिचा वास गेला होता. पार गेला होता. साबण, रॉकेल, लसूण, कशाचाच वास येत नव्हता. आधी तिला वाटलं सर्दी आहे, उतरेल. मग वाटलं अशक्तपणा आहे, खाल्लं की भरून येईल. एकदा कांदा तळाला लागून करपला आणि माझा नवरा बाहेरून ओरडला, "अगं, काहीतरी जळतंय!" ती कढईसमोरच उभी होती. "लक्ष नव्हतं," म्हणाली. वहिनीचं लक्ष नव्हतं, यावर आम्ही चौघांनी जेवताना तिची भरपूर चेष्टा केली. तिने ती हसून घेतली.

संध्याकाळी पातेली मांडणं तिने सोडलं नाही. वाकायची, डोळे मिटायची, निकाल द्यायची. पण त्याआधी ती मुलीला बोलवायची. "ये, तुझं नाक तयार करू. ओळख बघू, हे राहील की गेलं?" मुलीला तो खेळ वाटायचा. ती वास घ्यायची, तोंड वाकडं करायची किंवा मान डोलवायची, आणि वहिनी तिच्या तोंडाकडे बघून "शाबास, बरोबर ओळखलंस" म्हणायची. आम्हाला वाटायचं, विद्या पुढच्या पिढीकडे चालली आहे. सासरे तर कौतुकाने बघत बसायचे.

उन्हाळा आला. आमच्या फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं. खुर्ची टेकवून ठेवायचो. त्यात दुपारी वीज जायची. सासऱ्यांच्या खालच्या दातांची कवळी सैल झाली होती, म्हणून त्यांच्यापुरतं मऊ काहीतरी वेगळं असायचं. त्या दिवशी हाडांच्या पाण्यात भात शिजवून केलेलं सूप आदल्या दिवसाचं उरलेलं होतं. मुलगी शाळेला दांडी मारून पांघरुणात पुस्तक वाचत पडली होती. नाक चोंदलेलं, डोळे लाल. वहिनीने पातेलं तिच्यापर्यंत नेलं. "बघ गं, ठीक आहे का?" मुलीने पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "हो गं आई, ठीक आहे."

वहिनीने ते उकळलं आणि सासऱ्यांना वाढलं.

भावोजींची त्या दिवशी दुसरी पाळी होती, ते घरीच होते. सासऱ्यांनी दोन चमचे घेतले आणि म्हणाले, "आंबट लागतंय रे." भावोजी म्हणाले, "वहिनीनं वास घेतलाय, बाबा. गोळ्यांनी तुमचंच तोंड बिघडलंय." सासरे म्हणाले, "हो, तेच असेल," आणि वाटी चाटूनपुसून संपवली. सांगा, हे जगात आणखी कुठल्या घरात होईल? माणसाच्या जिभेवर आंबट आहे, तो स्वतःच्या जिभेला खोटं पाडतो आणि खातो!

संध्याकाळपासून त्यांना उलट्या सुरू झाल्या. पोट दुखायला लागलं, अंगात ताप भरला. सकाळी उजाडताच माझ्या नवऱ्याने व्हॅनमधली खोकी उतरवून त्यांना मागे आडवं घातलं आणि आम्ही सगळे हॉस्पिटलात पोचलो. मुलीला खालच्या दुकानदाराच्या बायकोकडे ठेवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सासऱ्यांचं पोट दाबून पाहिलं. पोट कडक झालं होतं, आणि हात लावला की म्हातारा कळवळत होता. पोटावर जुन्या ऑपरेशनचा लांब व्रण आहे, त्यावर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं. आत आतडं अडकलं असेल, अशी त्यांना शंका होती. फोटो काढले, त्यातूनही नक्की कळेना. मग बाहेर येऊन आम्हाला विचारलं, "काल काय खाल्लं यांनी? बाहेरचं? शिळं?"

भावोजींनी छाती पुढे काढली. अशा वेळीसुद्धा! म्हणाले, "बाहेरचं आमच्याकडे येतच नाही. आणि शिळं म्हणाल तर ते रोजच असतं, पण वहिनीच्या नाकाखालून गेल्याशिवाय ताटात पडत नाही. अन्नाचं काही नाही, डॉक्टर. ते आम्ही लिहून देतो."

"इतर कोणाला त्रास?"

"कोणाला काही नाही."

ते सूप एकट्या सासऱ्यांनीच खाल्लं होतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या घरात अन्नाबद्दल शंका घ्यायची सवयच उरली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पोटाचे फोटो पुन्हा उजेडात धरून पाहिले. मग म्हणाल्या, "अन्नातून नसेल, तर मला पोट उघडून बघावं लागेल. आणि लवकर. पण स्पष्ट सांगते, यांचं हृदय कमजोर आहे. भूल सोसेलच, याची खात्री मी देत नाही. तुम्ही ठरवा आणि सही करा."

नर्सने कागद आणला. माझ्या नवऱ्याने भिंतीला पाठ टेकली. भावोजींनी पेन हातात घेतलं, पण त्यांना टोपण काढता येईना. मी ते काढून दिलं.

वहिनी पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. सकाळपासून तिने एक शब्द काढला नव्हता. आम्ही म्हटलं, धसका घेतलाय. ती पुढे आली आणि तिने भावोजींच्या हातावर हात ठेवला.

"सही करू नका."

"अगं, वेळ नाहीये."

"अन्नातूनच झालंय ते. सूप खराब होतं. बाबा आंबट म्हणाले होते ना?"

"तू वास घेतला होतास ना पण?"

"मला वास येत नाही," वहिनी म्हणाली. "त्या तापापासून. कशाचाच येत नाही."

आता खरं तर इथे सगळ्यांनी तिचं ऐकायचं. पण आम्ही कुठले! माझा नवरा म्हणाला, "वहिनी, घाबरून काहीतरी बोलू नकोस. स्वतःच्या अंगावर घेऊन बाबा बरे होणार आहेत का?" भावोजी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "ती हळवी आहे हो. बाबांवर फार जीव आहे तिचा. तिचं नाक म्हणजे काय चीज आहे, विचारा आमच्या गल्लीत कोणालाही. परवासुद्धा तिनं दूध ओळखलं." ते दूध मुलीने ओळखलं होतं, हे त्यांना कुठून माहीत असणार. वहिनी नुसती "नाही हो, नाही हो" म्हणत राहिली आणि दोघे भाऊ तिच्या तोंडावर तिच्याच नाकाची बाजू मांडत राहिले.

शेजारच्या बाकावर एक बाई आपल्या पेशंटसाठी संत्रं सोलत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी वहिनीला सांगितलं, "डोळे मिटा." तिने मिटले. डॉक्टरीणबाईंनी न बोलता त्या बाकावरून सालीचा मोठा तुकडा उचलला, दुमडून मोडला आणि वहिनीच्या नाकाखाली धरला. मी चार हात लांब होते, मलाही संत्र्याचा वास आला. नर्सलाही आला असणार, कारण तिने मान वळवली. भावोजी वहिनीकडे आशेने बघत होते. आता ती ओळखणार, आणि हे सगळं मिटणार, असं.

वहिनी डोळे मिटून ताठ उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणा ना. मी तयार आहे."

ती पुन्हा म्हणाली, "डोळे उघडू का? आणताय ना?"

मला तिथेच रडू फुटलं. मी सहसा रडत नाही, मी भांडते. पण भांडायला समोर कोणी नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी साल खिशात टाकली आणि कामाला लागल्या. सूप कधीचं, कशाचं, किती खाल्लं, भात कधी शिजवलेला, हे सगळं त्यांनी वहिनीला बारीकसारीक विचारलं, आणि तिने खळखळ न करता सगळं सांगितलं. मग त्यांनी ठरवलं की पोट उघडायची घाई करायची नाही. सलाइन लावलं, औषधं सुरू केली, दर थोड्या वेळाने स्वतः येऊन पोट तपासत राहिल्या. दुपार कलली तसं पोट मऊ पडायला लागलं. संध्याकाळी सासऱ्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "उघडलं असतं तर फुकट उघडलं असतं." एवढंच म्हणाल्या, पण वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या.

भावोजी मात्र तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हिवाळ्यापासून? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर जेवला असतात?" वहिनीने विचारलं.

ते उठले आणि बाबांचं सलाइन बघायला आत गेले.

आता इथून पुढे मला जास्त राग येतो. कोणी तिला बोललं नाही, कोणी दोष दिला नाही. त्याहून वाईट केलं. भावोजी घरी जाऊन फ्रिजमधलं झाडून सगळं फेकून आले, अगदी टोमॅटोच्या भरलेल्या बाटल्या आणि मुरलेलं लोणचंसुद्धा. "तू आराम कर आता. खूप केलंस," असं म्हणून कोपऱ्यावरच्या खानावळीतून डबा लावला. माझ्या नवऱ्याने बिस्किटांचे पुडे आणून फडताळ भरलं. आणि सगळे वास घ्यायला लागले. पाण्याचा पेला उचलायचा आणि आधी नाकाशी न्यायचा. घास तोंडाजवळ नेऊन क्षणभर थांबायचं. तिला दिसू नये म्हणून मान खाली घालून करायचे, आणि नेमकं तेच तिला दिसायचं. मुलगीही मोठ्यांचं बघून दुधाचा वास घ्यायला लागली. वहिनी ओट्यापाशी स्टुलावर बसून असायची. रिकाम्या हाताने बसलेली वहिनी मी तोवर पाहिली नव्हती.

एका रविवारी मी वाटाणे घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, सोल माझ्याबरोबर, मला एकटीला कंटाळा येतो. शेंगा हातात आल्यावर तिची बोटं आपोआप चालायला लागली.

"वहिनी, तुला जेवताना काय लागतं गं?"

ती चमकली. "म्हणजे?"

"म्हणजे वास नाही तर चव कशी कळते?"

"गरम कळतं, गार कळतं. मीठ थोडं कळतं. तिखट जिभेला चावतं. बाकी सगळं एकच." तिने दाणे ताटलीत ढकलले. "कापूस ओला करून चघळावा ना, तसं. तुम्ही ते कटलेट भांडून भांडून खात होतात, मीही तेच वाढून घ्यायचे, आणि कापूस खाऊन उठायचे."

"हिवाळ्यापासून?"

"मग तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे. तुझे भावोजी दुसऱ्यांदा मागतात म्हणजे जमलंय. बाबा गप्प झाले म्हणजे मीठ कमी. तेवढ्यावर चालवलं मी." ती हसली. "बरं चाललं होतं की नाही?"

इतक्या दिवसांत आम्ही तिला तिच्या नाकाबद्दल विचारलं, दुधाबद्दल विचारलं, सुपाबद्दल विचारलं. तिला स्वतःला जेवण लागतं का, हे कोणीच विचारलं नव्हतं. मला तिच्या नवऱ्याच्या, माझ्या नवऱ्याच्या, सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग त्या सुपाच्या दिवशी मुलीने काय सांगितलं तेही ती बोलली, आणि लगेच माझा हात धरला. "पोरीला हे कधी कळू द्यायचं नाही. ती सर्दीनं हैराण होती, बिचारी पुस्तक वाचत होती. तोंडातून काढलंस तर बघ." मी शपथ घेतली.

सासरे घरी आले ते निम्मे होऊन आले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खाऊ घाला, नाहीतर औषधांचा काही उपयोग नाही. आणि सासरे खाईनात. खानावळीचं तेलकट त्यांच्या पोटाला सोसत नव्हतं. वहिनीने त्यांच्यासाठी ताजी भाजी बाजारातून आणून, समोर धुऊन, पातळ मऊ सूप केलं. त्यांनी वाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, तू केलंस?"

"हो, बाबा. आत्ताच केलंय. कालचं काही नाही त्यात."

"असू दे मग. भूक नाही."

ते वाईट नव्हते. ती आत गेल्यावर मला म्हणाले, "राग नाही गं माझा तिच्यावर. तिनंच वाचवलं मला, मुलांनी सांगितलंय. पण वाटी तोंडापाशी आली की ते आंबट आठवतं. घशाखाली उतरत नाही, काय करू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हाताऱ्याची दयाही आली आणि चीडही आली.

दोन-तीन दिवस असेच गेले. चेहरा ओढला, हाताची कातडी लोंबायला लागली, पाठीला टेकू दिल्याशिवाय बसता येईना. वहिनी दाराआडून बघायची. एका सकाळी मी कामावर निघत होते, तर ती वाट अडवून उभी राहिली.

"आज रजा टाक."

"का?"

"मी करते. तू वाढ. तू केलंयस म्हणून सांग."

मी मोठ्याने हसले. "माझं? वहिनी, माझ्या हातचं खाऊन ते परत हॉस्पिटलात जातील."

"हसू नकोस. त्यांना जेवायला पाहिजे. कोणाच्या नावानं जेवले म्हणून काय फरक पडतो?"

तिला फरक पडत होता. तो तिच्या तोंडावर दिसत होता. पण तिने माझ्यापुढे कांदे ठेवले आणि विळी स्वतःकडे ओढली.

त्या अरुंद ओट्यापाशी मी पोट आत ओढून तिच्या शेजारी उभी राहिले. ती हात चालवायची आणि मला विचारायची. कांदा परतताना विचारलं, "वास कसा येतोय?" मी म्हटलं, "ठीक." ती भडकली. "ठीक म्हणजे काय? कच्चा वास गेला का? गोडसर येतोय का?" मी वाकून पुन्हा घेतला. "कच्चा आहे अजून." "मग ठीक काय म्हणतेस!" हाडांच्या पाण्याचा, लसणाचा, गाजराचा, सगळ्यांचा वास तिने माझ्याकडून वदवून घेतला. जन्मात मी इतका वेळ एका पातेल्यावर वाकले नव्हते. शेवटी मी चमचाभर चाखलं आणि लगेच दुसरा चमचा भरला. तिचंच सूप होतं ते, पूर्वीचं, तापाच्या आधीचं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

मी वाटी घेऊन बाहेर गेले. सासऱ्यांनी डोळे बारीक केले. "कोणी केलं?"

"मी, बाबा."

"तू?" त्यांनी वाटी नाकाशी नेली, बराच वेळ तशीच धरली, आणि एक चमचा घेतला. थांबले. मग दुसरा घेतला. पाव कुस्करून टाकला, वाटी कलती करून शेवटचा थेंब प्यायले, आणि किती दिवसांनी म्हाताऱ्याच्या गालांवर रंग आलेला मी पाहिला. दाराआड वहिनी पातेलं हातात घेऊन उभी होती. मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"धाकटे," सासरे म्हणाले, "तुझ्या हाताला चव आहे गं. इतकी वर्षं कुठं लपवून ठेवली होतीस?"

माझ्या जिभेवर खरं येऊन बसलं होतं. दाराआडून वहिनीने जोरजोरात मान हलवली, नको म्हणून.

"एक काम कर," ते वाटी पुसत म्हणाले. "हे वहिनीलाही शिकव जरा. बिचारी नुसती बसून असते, बघवत नाही. तिलाही काहीतरी करता येऊ दे."

"शिकवते, बाबा," मी म्हणाले.

वहिनीने दाराच्या फटीतून पातेलं माझ्याकडे सरकवलं.

"आणखी हवंय का विचार," ती पुटपुटली. "घेतील ते."